एकास एक

अकुरेरीत डिसेंबरात दुपारी तीनलाच दिवा लावावा लागतो.
मासेमारीच्या जाळ्यांचं दुकान खाली, आमची कचेरी वर,
जिन्यात डांबराचा आणि ओल्या लोकरीचा वास.
फळ्यावर आज एकच ओळ, दागब्यार्तुरच्या गिचमिड अक्षरात:
खेळात द्वंद्व असावं की नसावं?

असावं, तो म्हणतो.
चाळीसजण मिळून राक्षस मारतात,
त्यात माझी तलवार लागली की नाही
ते राक्षसालाही कळत नाही.
एकदा तरी समोर एकच माणूस हवा.
हरलो तर मीच हरलो,
असं म्हणता येण्यातही चैन असते.
सात वर्षं तो ट्रॉलरवर होता, बाराजणांतला एक.
ते तो इथे काढत नाही.

स्वानलौग मत देत नाही. ती पत्रं वाचते,
तिचं कामच ते, जगभरच्या तक्रारी.
नव्या गावाच्या वेशीवर तिघे उभे असतात, सोनेरी चिलखतात.
कालच आलेल्याला,
ज्याच्याकडे लाकडी काठी आणि दीड पाव आहे त्याला,
म्हणतात: ये.
नाही म्हटलं की मागे लागतात,
भोवती उड्या मारत, कोंबडीचा आवाज काढत,
विहिरीपर्यंत, बाजारापर्यंत,
पोरगं यंत्र बंद करून झोपायला जाईपर्यंत.
"मी हो म्हटलं," एकाने लिहिलंय,
"म्हणजे ते थांबतील."
ती कागद पालथा घालते.

हाल्बेरा हिशेब बघते. साठी उलटली,
जन्मात एक खेळ खेळलेली नाही.
"हे आमच्याकडे होऊन गेलंय," सुया न थांबवता,
"हजार वर्षांपूर्वी.
पाच हात कापड अंथरायचे,
प्रत्येकाला तीन ढाली,
कापडावर रक्त सांडलं की संपलं."
सुंदर, दागब्यार्तुर म्हणतो.
"सुंदरच. मग दांडगे शिकले.
दुसऱ्याच्या शेतावर जायचं, आव्हान द्यायचं,
आणि शेत, गुरं, बायको घेऊन जायचं, कायद्यानं.
म्हणून बंद केलं. सभा भरवून. अशीच.
तुमच्याकडे निदान कॉफी आहे."

खाली कोणीतरी शटर ओढलं.

माझ्या भाषेत द्वंद्व हा समासही असतो.
बहीणभाऊ. मीठभाकर. खरंखोटं.
दोन्ही पदं प्रधान, बाईंनी घोकून घेतलेलं,
आणि मधला 'आणि' गिळलेला.
हे इथे कोणाला सांगू, आणि कुठल्या तोंडाने?
मी एवढंच म्हणाले, चाचणी घेऊन बघू.

सहाला सगळे गेले.
राहिलो दागब्यार्तुर आणि मी,
दोन वर्षं पाठीला पाठ लावून बसलेले.
पडद्यावर चौकट आली: हो. नाही.
मी 'नाही' दाबलं, आधी तेच तपासायचं होतं.
तुझ्याकडे काय दिसलं?
लाल अक्षरं, तो म्हणाला: तिने माघार घेतली.
ते काढ.
मग काय दाखवू?
काही नको. वारा दाखव.
त्याने वेळ घेतला. वारा लिहिला.
गवत हललं.

मग मी 'हो' दाबलं.
तो चांगला खेळतो, मी नाही.
तीनदा मेले, तिन्ही वेळा त्याच दगडाशी.
चौथ्यांदा दोघे एकाच क्षणी धावलो
आणि कुठलीशी मोजणी चुकली:
त्याचा खांदा माझ्या खांद्यात शिरला,
तलवार ढालीत,
दोघांचे मिळून तीन पाय,
ना पुढे ना मागे,
जागच्या जागी थरथरत.
दागब्यार्तुरने खुर्ची फिरवली. हसला.
त्याचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत,
दोन वर्षांत कधी दिसले नव्हते.

फळ्यावरची ओळ कोणी पुसलेली नव्हती.
मी नोंद केली, दोष क्रमांक चारशे बारा:
दोन खेळाडू वेगळे होत नाहीत.
तीव्रता: किरकोळ.
दुरुस्ती: घाई नाही.