पान चारशे बारा

राणी तेओवेल मरायला एकेचाळीस पानं घेते.
तिचे केस, तिची अंगठी, तिचा शेवटचा श्वास,
त्यानंतर आणखी एक शेवटचा श्वास.
वाचलं मी सगळं,
नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी, बोट काठाला लागलेली असताना.
पाण्यात, तारेवर असताना वाचत नाही.
तो माझा नियम आहे. खात्याचाही.

आणि होर्दुक?
पान चारशे बारा, खालून तिसरी ओळ:
"ड्रॅगनने धक्का जाळला, तराफा जाळला, नावाडीही गेला."

नावाडीही.

त्या 'ही'वर मी किती वेळ बसून राहिले.
पलीकडून कार्लोच्या दुधाच्या ट्रकने
दोनदा दिवे मारले, तेव्हा उठले.

तुम्हाला आठवत नसेल, लिहिणाऱ्या माणसा,
मला आठवतं.
पहिल्या खंडात तो पोरगा अनवाणी धावत आला,
मागे शिकारी कुत्रे,
तेव्हा होर्दुकने नाणं मागितलं नव्हतं.
"येताना दे," म्हणाला.
दुसऱ्यात त्याचा गुडघा दुखत होता.
तिसऱ्यात तो नाही; चालायचंच, तिसरा सगळा वाळवंटात.
चौथ्यात कुणीतरी जाता जाता बोललं
की त्याच्या कुत्रीला पिल्लं झाली.
तेव्हापासून मी त्या कुत्रीचं नाव कळायची वाट बघतेय.

एकोणीस वर्षं मी ही पिवळी फेरीबोट
बेटावरून किनाऱ्याला नेते, किनाऱ्यावरून बेटाला.
सात मिनिटं. बर्फ असला की अकरा.
नवऱ्या नेल्या, शवपेट्या नेल्या, एकदा एक पियानो,
एकदा व्हेईयोच्या मेंढ्या, ज्यांना उतरायचंच नव्हतं.
गाडीची काच खाली करून कुणी विचारत नाही
गुडघा कसा आहे.
विचारावं असंही नाही.
बरा आहे.

वाचनालयाची बस एक गुरुवार सोडून येते, माझ्याच बोटीवरून.
सिर्का खिडकीतूनच पुस्तक देते:
"लवकर आण, रांगेत व्हिल्या आहे."
व्हिल्या चौदा वर्षांची.
शाळेत जाता-येता कठड्याला टेकून उभी असते, टोपी न घालता.
मी दिलं. चार दिवसांत संपवून आली,
डोळे सुजलेले. राणीसाठी.
म्हटलं, आणि नावाडी?
"कुठला नावाडी?"

पुस्तक गुरुवारपर्यंत माझ्या केबिनमध्ये पडून होतं,
थर्मासशेजारी.
पुन्हा उघडलं, भांडायलाच.
पान पाचशे सत्तर.
थोरली बहीण लढाई हरून एकटी परत येते.
नदी तीच. पहाट. धुकं.
तुम्ही लिहिता: "ती पैलतीरी उतरली."

उतरली कशातून?
धक्का जळलेला, तराफा जळलेला,
पूल तर तुम्ही चौथ्या खंडातच पाडलात.
पोहून आली म्हणावं
तर पुढच्याच ओळीत तिचा झगा वाऱ्यावर फडफडतोय.

चूक असेल तुमची.
राणीच्या केसांवर एवढी पानं खर्चून
दमला असाल.
पण राजवाड्यातलं मला कळत नाही, पाण्यातलं कळतं.
कुणीतरी वल्हवलं.
कुणीतरी धुक्यात कंदील वर धरला,
नाणं मागितलं नाही,
आणि तुम्हालाही पत्ता लागू दिला नाही.

व्हिल्याला दाखवलं.
तिने ती ओळ वाचली,
मग पानं मागे उलटून चारशे बारा वाचलं,
मग इंजिनाकडे पाहिलं, तारेकडे, माझ्या हातमोज्यांकडे.
काठ आला तरी उतरली नाही.
"म्हणजे कुत्रीही वाचली असेल," म्हणाली.

सहाव्या खंडासाठी नाव लावलंय.
कधी येईल, सिर्कालाही माहीत नाही.
तोवर लिहीत असाल तर
तिचं नाव तेवढं लिहा.