खिडकी नंबर अकरा

एकतीस वर्षं मी खिडकीत बसलो.
खिडकी नंबर अकरा : विन, प्लेस, सुट्टे पैसे.
घोडे मी फारसे पाहिलेच नाहीत.
पाहिले ते हात, जाळीतून आत येणारे,
घामेजल्या नोटा धरलेले,
आणि शर्यत संपल्यावर झाडूवाल्या बाईच्या पायांशी
तिकिटांचा पाचोळा.

या घोड्यावर मीही एकदा लावले होते.
दोनशे रुपये. वीजबिलाचे.
तेव्हा त्याचं नाव रॉयल अलार्म.
गेट उघडलं, सातजण सुटले,
हा उभाच.
त्या संध्याकाळी मी त्याला घातलेल्या शिव्या
घरातल्या भिंतींनीही आधी ऐकल्या नव्हत्या.

आता त्याला पेढा म्हणतात. रंगावरून.
पुढच्या डाव्या पायाची नस जाड झालीय,
पळणं संपलं, चालणं उरलं.
मंगळवारी आणि शुक्रवारी, ऊन चढायच्या आत,
रेसकोर्सच्या मागच्या अंगाला
तांबड्या मातीच्या चौकोनात
भैरू मोतद्दार पुढे दोरी धरून,
आणि मी उजव्या बाजूने,
तळहात उन्मेषच्या घोट्यावर.
धरायचं नाही. नुसतं असायचं.
पर्सिस मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं :
"दाते, तू हमाल नाय. तू कठडा."

उन्मेष तेवीस वर्षांचा.
प्रतीक्षानगरला तिसऱ्या मजल्यावरून त्याला उतरवतात,
टॅक्सीत बसवतात, सीटवर सरळ करतात,
हेल्मेटचा पट्टा लावतात, रॅम्पवरून वर नेतात.
त्याच्या दिवसातली सगळी क्रियापदं
दुसऱ्यांची.

खोगीर नसतं, नुसती घडी घातलेली घोंगडी,
म्हणजे घोड्याची ऊब आडकाठीशिवाय वर येते.
कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले पाय
सहाव्या फेरीला हळूहळू उघडतात.
कंबर डोलते. पेढा चालतो तशी.
कुंदाताई कठड्याबाहेर पाण्याची बाटली घेऊन
श्वास मोजत उभ्या.

नियम एकच :
निघायचं तेव्हा त्याने सांगायचं.
"चल" म्हणायचं. नाही जमलं तर च,
नाहीतर कुठलाही आवाज, मानेवर एक थाप.
आम्ही थांबायचो.
कधी चार मिनिटं, कधी अकरा.
शेवटी भैरूच जीभ टाळ्याला लावून टक् करायचा
आणि मॅडम दुसरीकडे बघायच्या.
असे पाच महिने.

मग एका शुक्रवारी,
फेरीच्या अगदी मध्यावर,
पर्जन्यवृक्षाची सावली जिथे मातीवर पडते तिथे
वरून आलं :
"थां."

चल नव्हे.
आम्ही सगळे चलची वाट बघत होतो.

भैरूने दोरी ओढायच्या आधीच
पेढा थांबला. चारही पायांवर, नीट.
भैरू थांबला, मी थांबलो,
बाहेर कुंदाताईंचा बाटलीचं झाकण फिरवणारा हात
अर्ध्यात थांबला.
समुद्राकडच्या रस्त्यावर गाड्या वाहत होत्या,
त्यांना काही कळलं नाही.

"किती वेळ?" भैरू कुजबुजला.
"त्याला विचार," मॅडम म्हणाल्या.
त्याने सांगितलं नाही.
तो कशाकडे बघत होता तेही मला कळलं नाही :
घार असेल, टॉवरवरची क्रेन असेल,
किंवा काहीच नसेल, नुसतं बघणं.
पेढ्याने तेवढ्यात सावकाश मुतून घेतलं.
घाई कुणालाच नव्हती.

पुढच्या मंगळवारी तो काही बोलला नाही.
त्याच्या पुढेही बरेच दिवस नाही.

पण त्या शुक्रवारी, उभ्या उभ्या,
मला ते गेट आठवलं :
सात सुटलेले, मागून चाबूक,
स्टँडभर माझ्यासारख्यांच्या बोंबा,
आणि हा, चारही पायांवर, नीट उभा.

मी त्याच्या कानात माफीबिफी मागितली नाही.
घोड्याला काय कळतंय.
खिशातल्या गुळाचा खडा मात्र
त्या दिवशी जरा मोठा मोडला.