टायपिंग सेंटर, रोला

साठ दिवसांच्या व्हिसातले एकेचाळीस संपले
तेव्हा माझ्या नावावर शारजात होतं ते एवढंच:
भिंतीकडचा वरचा बंक,
अर्धं कपाट, फ्रिजमधला एक कप्पा,
आणि खालच्या बंकवर मॅरिसेल.
ती रात्री अकराला सलॉनमधून परतायची,
केसांच्या रंगातला अमोनिया अंगावर घेऊन.
अख्ख्या खोलीत माझ्या विषयातलं तेवढंच.

आई फोनवर म्हणायची,
पाणी तपासायला तिकडे कशाला गेलीस?
इथल्या पाण्याला काय झालंय?

मी चालायचे. इंडस्ट्रियल एरिया दहा, अकरा, तेरा.
बारा कुठे होता ते शेवटपर्यंत कळलं नाही.
प्रत्येक फाटकाशी एक नेपाळी पहारेकरी,
त्याच्याकडे एक वही,
वहीत माझं नाव, वेळ, सही.
सीव्ही तो खुर्चीखाली ठेवायचा
आणि पाण्याची बाटली पुढे करायचा.
एका रिसेप्शनवर विचारलं, गल्फ एक्सपिरियन्स?
म्हटलं, एकेचाळीस दिवस.
ती हसली. मलाही हसू आलं, जरा उशिरा.

सीव्ही छापायचे मुकादमांकडे.
केरळी हॉटेल आणि सोनाराच्या मधली चिंचोळी जागा,
दोन कॉम्प्युटर, एक लॅमिनेशनचं मशीन,
टेबलावर कडक चहाचा कागदी कप, कायम अर्धा.
मंडणगडचे. एकतीस वर्षं इथे.
बायकोचा व्हिसा, मुलीचा पासपोर्ट, भाड्याचा करार,
लोकांचं आयुष्य ते न बघता टाइप करत.
बोटं कीबोर्डवर, नजर रस्त्यावर.
माझ्या सीव्हीतल्या टायट्रेशनमध्ये एक अक्षर कमी होतं.
त्यांनी ते घातलं, बाहेर बघतबघतच.
मला वाटलं, सवय.

पैसे घेत नसत.
लागली की दे, म्हणायचे,
पळतेस कुठे?

बावन्नाव्या दिवशी अजमानहून फोन.
लहानशी लॅब, टायरच्या गोदामामागे.
तीन दिवस ट्रायल, बिनपगारी.
बोअरचं पाणी, टँकरचं पाणी, स्विमिंग पुलाचं,
कुठल्या तरी लेबर कॅम्पच्या टाकीचं
आणि त्याच्या बाटलीवर नुसतं बी सेव्हन.
ती बाटली मी दोनदा तपासली.
कोणी सांगितलं नव्हतं.
दुसऱ्या दिवशी हातमोजे संपले,
मागायची लाज वाटली.
तिसऱ्या दिवशी संध्याकाळी
पलक्कडच्या मॅडमनी माझ्या आकड्यांखाली सही केली
आणि म्हणाल्या, संडेपासून ये.

कागद घेऊन मुकादमांकडे गेले.
ऑफर लेटर टेबलावर ठेवलं
तेव्हा त्यांनी कागद पाहिलाच नाही.
माझी बोटं पाहिली.
अंगठा आणि दोन बोटं, काळे डाग,
तीनदा साबण लावूनही तसेच.

'सिल्व्हर नायट्रेट,' ते म्हणाले.
'आठ दिवस जात नाय गो.
क्लोराइड काढलंस ना?
पिवळ्याचं विटकरी होतंय तितं थांबायचं.
मी हमखास एक थेंब जास्त टाकायचो.'

मग चहाचा कप उचलला, पाहिला, परत ठेवला.
'एकोणनव्वद सालचा बी.एस्सी. केमिस्ट्री.
इथे आलो, म्हटलं, सहा महिने कायतरी करू,
मग शोधू.'

बाहेर बस थांबली, निघून गेली.
मला विचारायचं होतं,
मग शोधलं का?
पण त्यांच्या मागच्या भिंतीवर
त्यांचंच कार्ड लॅमिनेट करून लावलेलं होतं,
पेशा: टायपिस्ट.

फॉर्म उघडला. नाव, वडिलांचं नाव, जन्मगाव इस्लामपूर,
सगळं भराभर, रस्त्याकडे बघत.
पेशाच्या रकान्याशी आले आणि थांबले.
चष्मा पुसला.
मान खाली घातली
आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत,
जणू आजच शिकतायत,
केमिस्ट.
आधी इंग्रजीत,
मग उजवीकडून डावीकडे, अरबीत.
दोनदा वाचून पाहिलं.

'पंचावन्न दिरहम,' ते म्हणाले.
'आणि मागच्या प्रिंटचे अठरा.'
माझ्याकडे शंभराची नोट होती, सुटे त्यांच्याकडे नव्हते.
शेजारच्या सोनाराकडून आणले,
मोजून हातावर ठेवले,
काळ्या बोटांवर.