फडकं

इंदूरहून महूची बस. पिशवीत शेव, अर्धी उरलेली.
तिकीट फाडणारे ढमाले,
निवृत्त नाईक, डाव्या कानाने ठार बहिरे,
म्हणाले, तोफेला खुशाल हात लावा,
काचेला नको, डाग पडतात.

बूट, बिल्ले, कुणाचा तरी दाढीचा ब्रश.
त्याच्यापुढेच जास्त थांबलो.

बाहेर दगडी भिंतीवर नावं, सोनेरी रंगात.
एकाच नावाचा रंग पार गेलेला,
नुसत्या खाचा.
"रोज पुसतो ना," ढमाले म्हणाले
आणि फडकं खांद्यावर टाकलं.
बाकीची नावं बहुधा पावसावर सोपवलेली.

"कोण होता?"
मी मुद्दाम उजव्या कानाशी विचारलं.
"मार्चमध्ये पेंटर येतोय."

मग ते नाव मी बोटानेच वाचलं.
दगड तापला होता.
काना, मात्रा, मध्येच एक जोडाक्षर,
तिथे बोट अडलं.