कुळ्याची पेज

थावरू लमाण्याचा तांडा यायचा
तेव्हा आधी घंटा, मग धूळ,
मग मिठाचा वास, ओल्या गोणीतला.
मी चुलीत लाकूड सारायची.
चाळीस बैल म्हणजे नऊ माणसं,
नऊ माणसांना दोन पायली उकडे,
वर तोराची एकेक फोड.

पैसे मी मागायची नाही.
जाताना तो ओंजळभर मीठ ठेवायचा,
घाटावरून परतताना मिरच्या.

आता मीठ डब्यात जातं. दार बंद.
वाससुद्धा उतरत नाही इथे.
इंजिन तेवढं थांबतं,
सोंडेएवढ्या नळाखाली पाणी पितं
घटाघटा, एकटंच.
चढणीला मागून दुसरं जोडतात.
थावरूही पावसात असंच करायचा,
तांबड्याच्या मागे ढवळा.

परवा तो रुळांवर खडी टाकताना दिसला.
रोजावर.
शिट्टीला बसायचं, शिट्टीला उठायचं.
मी टोप घेऊन गेले.
त्यानं बोट बुडवलं, काढलं.
"ऊन आहे गं.
निवेपर्यंत शिट्टी होईल."

हल्ली मी पहाटेच शिजवते,
निवलेली नेते.
निवलेली पेज विकायची
हे आईनं शिकवलं नव्हतं.