इतिवृत्त

तलरेजांच्या कापड दुकानाच्या डोक्यावर
आमचं व्यापारी मंडळ, दोंडाईचा.
जिना अरुंद. हस्तीमलशेठ आडवे होऊन चढतात
आणि पायरीगणिक रेल्वेला शिव्या घालतात,
कारण सव्वीस वर्षं पत्रं लिहून
एका गाडीनं थांबा दिला नाही.

मी इथला कारकून. इतिवृत्त लिहितो.
'चर्चा झाली' म्हणजे भांडण झालं.
'साधकबाधक चर्चा झाली' म्हणजे कुणाची तरी खुर्ची पडली.
'सर्वानुमते' म्हणजे चहा आला होता.
एवढ्या व्याकरणावर नोकरी निघाली.

मोसमात आम्ही खिडक्या उघडत नाही.
गावाबाहेर पथाऱ्यांवर मैलभर लाल वाळत असतं,
वारा इकडे वळला की अजेंड्यावरचा तिसरा विषय
शिंकाशिंकीतच मंजूर होतो.
पोलीस चौकीला पंखा दिला तो असाच,
स्मशानातल्या शेडचे पत्रेही;
आणि हातगाड्यांचा विषय
दर दिवाळीला पुढल्या दिवाळीवर ढकलला, तोही.

परवा उखर्डू मापाडी गेला.

रीत अशी, की सभासद वारला तर बाजार अर्धा दिवस बंद,
खाली फळ्यावर खडूनं नाव.
नियमावली, पान चार. 'सभासद' या शब्दाखाली
माझ्याही आधीच्या कुणीतरी
निळ्या शाईनं रेघ ओढून ठेवलीय.

हुसेनीभाई लोखंडवाले उभे राहिले. नुसते उभे राहिले.
शेठ म्हणाले, "आज मापाडी, उद्या हमाल,
परवा चहावाला. मग बाजार उघडायचा कधी?"
खोटं नव्हतं तेही.
खाली रात्रीपासून गाड्या लागलेल्या,
शहाद्याकडची माणसं पोत्यांवरच झोपलेली.

कोपऱ्यातून आनंदा नेरकर, किराणावाले,
सभेत कधी तोंड न उघडणारे:
"भाऊ, तो मेंबर नव्हता, खरं शे.
पन तुना नि मना मझार
एकोनचाळीस वरीस कोन उभा व्हता?"

कुणी शिंकलं नाही.

मला उखर्डूचा आवाज आठवला.
तो एकाला एक म्हणत नसे,
पहिलं पोतं काट्यावर चढलं की 'लाभ' म्हणे,
लांबवून, शेवटचा भ पार वखारीपर्यंत,
आणि मग दोन, तीन, साध्या आवाजात.
आणि एकदा, सगळ्या बाजारादेखत,
खुद्द हस्तीमलशेठना म्हणाला होता,
"शेठ, पाय काढा."
शेठचा पाय काट्याच्या कडेला होता.
चुकून होता की कसा, ते कुठल्याच इतिवृत्तात नाही.

शेठ बहुतेक त्याच पायाकडे बघत होते.
म्हणाले, "बाजार बंद नाही. काटे बंद.
अकराला. पंधरा मिनिटं. लिही."

मी लिहिलं: साधकबाधक चर्चा झाली.
खुर्ची एकही पडली नव्हती.
लिहिलं: सर्वानुमते.
चहा सांगायचं राहूनच गेलं होतं.

अकराला काटे थांबले.
बाहेरगावचा एक ट्रकवाला हॉर्न देत राहिला,
त्याला कुणी सांगितलं नाही, त्याचंही बरोबर.
शेठ चपला काढून काट्यापाशी उभे,
ऊन डोक्यावर, टोपी हातात.
मिरचीनं डोळ्याला पाणी येतंच,
त्यामुळे त्याची नोंद घेता येत नाही.

सव्वाअकराला उखर्डूचा भाचा काट्यावर आला.
काटा आता इलेक्ट्रॉनिक, आकडे लाल उमटतात,
ओरडायची तशी गरज नाही.
पहिलं पोतं चढलं.
"एक," पोरगा म्हणाला.

शेठचा एक पाय चपलेत, एक बाहेर.
थांबले तसेच.
"दोन," पोरगा म्हणाला.
मग दुसरा पाय घातला त्यांनी
आणि आडवे होऊन जिना चढू लागले,
रेल्वेला शिव्या घालत.

विषय पाचवा राहिला होता: थांबा.
स्मरणपत्र पाठवावे.