टेकल्यासारखं

वाल्दिव्हियात मासळीबाजाराला नवं छत घालायचं ठरलं
तेव्हा रोसामेलने ते आधी पडद्यावर काढलं,
अगदी लाकडाचं लाकूड करून:
अठ्ठावीस खांब, मधे तुळया,
तुळईला खाच, खाचेत पाचर,
बोल्टाखालची चकतीसुद्धा.
नदीकडच्या फळ्यांवर, मापाचा अंदाज यावा म्हणून,
माणसाऐवजी त्याने एक समुद्रसिंह लोळवला.
सकाळी सहाला तिथे दुसरं असतं कोण, म्हणाला.

मग फाइल यास्नाकडे निघाली.

दोन प्रोग्रामांच्या मधे एक जकातनाका आहे.
तिथे कोण बसतं, कुणी पाहिलेलं नाही.
हे काय? पाचर. उतरवा.
चकत्या? उतरवा.
लाकूड कुठलं?
नाव रकान्यात मावेना, तेव्हा लिहिलं: अज्ञात.
समुद्रसिंहाची तर कुणी विचारपूसही केली नाही.

पलीकडे पोचल्या त्या नुसत्या रेघा.
यास्नाला रेघाच हव्या होत्या, तक्रार त्याची नाही.
पण पहिल्या खेपेला अख्खा बाजार कुशीवर निजलेला आला,
कारण इकडे ज्याला वर म्हणतात
त्याला तिकडे उत्तर म्हणतात.
दुसऱ्या खेपेला उभा आला,
पण वाटेत मिलिमीटरचे मीटर झालेले:
एकेक खांब चार किलोमीटर उंच.
त्याच्याकडे बघत तिने थंड झालेली कॉफी संपवली.
तिसऱ्यांदा सगळं जागच्या जागी.
तिने भूकंप लावला.
छत पडलं नाही, हललंही नाही.
उत्तरच आलं नाही.
तुळया कशालाच टेकलेल्या नाहीत, एवढंच.

"टेकल्यात की," फोनवर रोसामेल, "खांबाच्या कडेला.
लाकूड कडेलाच थांबतं."
"लाकूड थांबतं. भार थांबत नाही.
मला तुळई गाभ्यापर्यंत हवी."
"गाभ्यात घुसवली तर सुतार मला नदीत घुसवेल."

दोघांचंही खरं होतं.
मधे अकरा सेंटिमीटर हवा,
आणि तिच्या दोन टोकांना हे दोघे, फोन धरून.

रात्री तिने एकेक टोक पकडून आत ओढलं.
बाहेर पाऊस होता; वाल्दिव्हियात ती बातमी नसते.
चाळिसाव्या टोकाला तिच्या लक्षात आलं,
आपण हिशेब करत नाही आहोत,
आपण टाके घालतोय.

सकाळी ती बाजारात गेली.
जुन्या फळ्यांवर तो झोपला होता, ओला, प्रचंड,
आणि त्याच्याखाली फळी
तिला कागदावर कधीच दिसली नव्हती इतकी वाकलेली.
"वजन किती असेल याचं?"
एदुविनाबाई सुरीवरचे खवले पुसत म्हणाल्या,
"तीनशे किलो. आणि हा एकटा येत नाही."

आता तो यास्नाच्या मॉडेलमधे आहे:
भार क्रमांक सतरा, गुणिले चार.
नाव लिहायला जागा नाही.
रोसामेल जिना बदलतो, नवी फाइल येते,
सतरावा भार नाक्यावर गळतो,
ती तो पुन्हा हाताने टाकते. सहा वेळा झालं.

त्याच्याकडे प्राणी आहे, वजन शून्य.
तिच्याकडे वजन आहे, प्राणी नाही.
दोन्ही एकत्र असलेली फाइल
अजून तरी एकच:
ती नदीतून वर चढते,
अंग झटकते,
आणि बसण्याआधी कुणालाच विचारत नाही.